तीन आठवडे न खाणारं कासव: आधी टाकीत थर्मामीटर घाला

ऐरोलीहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्याकडे सात वर्षांपासून एक पाणकासव आहे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं. डिसेंबरच्या शेवटी त्याने खाणं कमी केलं आणि आता तीन आठवडे झाले, कशाला तोंड लावत नाही. दिवसभर दगडावर बसून असतं, डोळे मिटलेले, पापण्या सुजल्यासारख्या. दोन डॉक्टर झाले. एकांनी टाकीत घालायला व्हिटॅमिनचे थेंब दिले, दुसऱ्यांनी दोन इंजेक्शनं दिली आणि "कासवांचं काही सांगता येत नाही" म्हणाले. फरक काही नाही. शेवटी त्यांनी लिहिलंय, "मुलगी शाळेतून आली की दप्तर न काढता टाकीसमोर जाऊन बसते. बरं होईल का ते नंतर सांगा, निदान झालंय काय ते तरी सांगा."

ताई, मी ठाण्यात जनावरांची डॉक्टर आहे. सुरुवात कुत्र्या-मांजरांनी झाली. ससे, पोपट, कासवं मागच्या दाराने आली आणि मुक्कामाला राहिली. आता बावीस वर्षं झाली. तुमच्यासारखी तक्रार घेऊन दर जानेवारीत लोक येतात. तरी तुमच्या कासवाला नेमकं काय झालंय हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि न बघता कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून जरा लांब राहा. पण एवढं सांगते की "कारणच सापडत नाही" असं म्हणून आणलेल्या कासवांपैकी बऱ्याच जणांचं कारण सापडतं. सगळे ते कासवाच्या अंगात शोधत असतात आणि ते असतं टाकीत.

कुत्रा आजारी पडला की कण्हतो, लंगडतो, आपल्या पायाशी येऊन बसतो. कासव दुखणं अंगावर काढतं, तेही महिनोन्महिने. त्यामुळे आजार तुम्हाला ज्या दिवशी दिसला तो त्याचा पहिला दिवस असण्याची शक्यता कमी. म्हणून मी मागचा आठवडा विचारत नाही, मागचं वर्ष विचारते. घर बदललं का? टाकी हलवली का? एसी बसवला? रंगकाम झालं? खाऊ घालणारं माणूस बदललं? लोक आधी "काहीच नाही हो" म्हणतात. मग निघताना, पायात चपला सरकवता सरकवता, एकदम आठवतं.

घोडबंदर रोडवरच्या एका घरातलं सांगते. गॅलरीत मोठ्या टबात कासव, पाच वर्षं ठणठणीत. मग हळूहळू खाणं कमी झालं, मागचे पाय ओढायला लागलं, कवचाची कड अंगठ्याने दाबली की वाकायची. कवच मऊ म्हणजे कॅल्शियमची भानगड, हे उघड होतं. पण ती अचानक का? खाणं तेच, टब तोच, जागाही तीच. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी सोबत आजी आल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, "गॅलरीला काचा लावून घेतल्यापासून घरात धूळ नाही बाई अजिबात." झालं! कासवाच्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार व्हायला उन्हातले अतिनील किरण लागतात, त्यातले ज्यांना यूव्हीबी म्हणतात ते. खिडकीच्या साध्या काचेतून ऊन येतं, ऊब येते, हे किरण मात्र जवळजवळ सगळे अडतात. ड नाही म्हणजे खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्या घरात कासवाची जागा बदललीच नव्हती, त्याच्यावरचं आकाश बदललं होतं. ठाण्यात आणि नवी मुंबईत अर्ध्या गॅलऱ्या अशाच बंद केलेल्या आहेत, तेव्हा तुमच्याकडेही तसं असेल तर आधी तेवढं तपासा.

आता तुमच्या प्रश्नाकडे. पण त्याआधी एक फाटा काढून टाकू, कारण काही लक्षणं असतील तर पुढचं वाचत बसायचं नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय, नाकातून बुडबुडे येतायत, पाण्यात एका बाजूला कलून तरंगतंय आणि बुडी मारता येत नाही, शेपटीखालून लाल मांसासारखं काही बाहेर आलंय, पोटाकडच्या कवचावर लालसर छटा पसरलीय, किंवा उचललं तर चारही पाय निर्जीव लोंबतायत. यातलं एकही असेल तर आजच डॉक्टर गाठा. कलून तरंगणं बऱ्याचदा फुप्फुसाच्या संसर्गाचं असतं, कारण पाणकासवाच्या पाण्यातल्या तोलात फुप्फुसांतल्या हवेचा मोठा वाटा असतो. तुम्ही लिहिलेल्यात यातलं काही नाही, म्हणून मी शांतपणे पुढे लिहिते आहे.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकला तो महिना. डिसेंबरअखेर.

लाल पट्ट्याचं हे कासव, दुकानदार ज्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात ते, मूळचं अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब नसते. आजूबाजूचं पाणी आणि ऊन जेवढं, तेवढंच ते गरम. पचन, भूक, जंतूंशी लढणं, इतकंच काय दिलेलं औषध अंगात फिरणं, सगळं त्या उबेवर चालतं. पाणी साधारण २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि बसायच्या जागी ३० ते ३४ असेल तर ते खातं, पोहतं, भांडतंसुद्धा. तिकडच्या उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीत ते तळ्याच्या तळाशी जाऊन जवळजवळ सगळे व्यवहार बंद करतं, वसंतापर्यंत. आपल्याकडची थंडी या दोन्हींच्या मध्ये अडकलेली. ऐरोलीत रात्री पारा १६-१७ ला आला की आपण कपाटातली गोधडी काढतो आणि खूश होतो. फरशीला टेकलेल्या टाकीतलं पाणी मात्र पहाटेपर्यंत २० च्या आसपास येतं, दुपारी जरा चढतं, रात्री परत उतरतं. म्हणजे कासवाला धड झोपही नाही आणि धड जागही नाही. जेवण पचवण्याइतकी ऊब नाही, म्हणून भूक मरते. जंतूंशी लढायची ताकद निम्म्यावर येते, जंतू मात्र त्याच पाण्यात मजेत वाढतात. असे दोन-तीन आठवडे गेले की डोळे सुजतात, नाक वाहतं, आणि मग घरच्यांच्या लक्षात येतं की काहीतरी बिघडलंय.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी साधी आहे. मासे विकणाऱ्या दुकानात टाकीचा थर्मामीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो आणा. सकाळी उठल्या उठल्या आणि दुपारी, असे तीन दिवस आकडे लिहा. हात घालून "कोमट वाटतंय" हे चालणार नाही. आपला हात फार खोटं बोलतो.

आकडे २२ च्या खाली निघाले तर हीटर लावा. लिटरमागे साधारण एक वॅट हा अंदाज पुरतो, म्हणजे पन्नास लिटर पाण्याला पन्नास वॅटचा. आपोआप बंद होणारा घ्या आणि वर प्लास्टिकची जाळी असलेलाच घ्या, कारण कासव त्यावर चढतं, काच फोडतं, आणि मग पाण्यात करंट. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मुलीलाही शिकवा. तापमान एकदम चढवू नका. दिवसाला दोनेक अंश, असं करत २७-२८ पर्यंत न्या. आजारी कासवाला मी निरोग्यापेक्षा थोडं गरमच ठेवते. बसायच्या दगडावर जुना पिवळा साठ वॅटचा बल्ब फूटभर उंचीवर, घट्ट अडकवून. एलईडी नको, त्याने उजेड मिळतो, ऊब नाही. आणि टाकीवर एसीचा झोत पडत असेल तर टाकी हलवा. हे सांगायला नको असं वाटतं, पण मी तीन वेळा तरी बघितलंय: हॉलच्या शोभेसाठी टाकी बरोबर एसीखाली.

डोळ्यांचं थोडं वेगळं आहे. सुजलेल्या पापण्यांमागे थंडीतला संसर्ग असू शकतो, पाणी असू शकतं आणि खाणंही असू शकतं. पाणी दिसायला नितळ असलं तरी त्यात अमोनिया असतो. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, आणि त्या घाणीचा अमोनिया निष्प्रभ करणारे जंतू फिल्टरच्या स्पंजमध्ये राहतात. आपल्या बायकांची स्वच्छता इथे नडते. दर रविवारी सगळं पाणी ओतायचं, स्पंज नळाखाली पिळून पांढरा शुभ्र करायचा, आणि सोमवारपासून फिल्टर म्हणजे नुसती आवाज करणारी डबी. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळा, पाणी एका वेळी तिसरा हिस्सा बदला. नवीन पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घाला, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. सोसायटीच्या टाकीची सफाई नुकतीच झाली असेल आणि पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास येत असेल, तर त्या दिवशी पाणी बदलूच नका.

खाण्याचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आणि बहुतेक लोक लिहीत नाहीत, कारण त्यांना ते ठीकच वाटत असतं. दुकानातून कासवासोबत सुक्या कोळंबीसारख्या किड्यांची एक छोटी डबी मिळते. काही घरांत तीच वर्षानुवर्षं, काही घरांत तिच्या जागी आपला सुका जवळा. कासव आवडीने खातं, प्रश्नच नाही. मुलं वेफर्स आवडीने खातात तसंच. त्यात अ जीवनसत्त्व नाहीसारखंच. ते सतत कमी पडलं की डोळे, नाक, घसा यांची आतली अस्तरं जाड आणि कोरडी होत जातात, अश्रूंच्या ग्रंथी तुंबतात, पापण्या फुगतात. कधी डोक्याच्या बाजूला, कानाच्या पडद्यावर गाठ येते. कासवाचा पू आपल्यासारखा वाहत नाही, पनीरसारखा घट्ट असतो, म्हणून ती गाठ कापूनच काढावी लागते. हे सगळं लहान, वाढीच्या वयातल्या कासवांत जास्त दिसतं. सात वर्षांच्या कासवात कमी, पण नाहीच असं नाही. तुमच्याकडे खाण्याचं काय चालतं त्यावर हे अवलंबून आहे.

इथेच तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून विचारा की ती दोन इंजेक्शनं कशाची होती. अ जीवनसत्त्वाची असतील तर तिसरं कोणाकडूनही घेऊ नका, आधी मात्रा कळू द्या. ते अंगात साठतं, आणि जास्त झालं तर कातडीचे पापुद्रे निघून खाली ओली जखम उरते. अशी कासवं मी बघितली आहेत आणि ती मूळ आजारापेक्षा वाईट अवस्थेत होती. अँटिबायोटिकची असतील तर औषध कदाचित बरोबरच असेल, पण २० अंशाच्या पाण्यात बसलेल्या कासवाला ते फारसं लागू पडत नाही. डॉक्टरांना मी दोष देत नाही. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, कुत्रा यांना सोफा मिळतो, कासवाला दाराबाहेरचं पायपुसणं. मीही पहिली चार-पाच कासवं चुकतमाकत शिकले.

आणि टाकीत टाकायचे व्हिटॅमिनचे थेंब बंद करा. कासवाच्या पोटात त्यातलं नावालाच जातं, बाकीचं टाकीतल्या जंतूंना खुराक.

आता न खाण्याबद्दल, कारण तुमचा जीव तिथेच अडकलाय हे मला कळतंय. आपल्याकडे आजाऱ्याने चार घास खाल्ले की निम्मं दुखणं गेलं असं धरतात. म्हणून लोक कासवाचं तोंड चमच्याच्या दांड्याने उघडून कोंबायला बघतात. कृपा करून हे करू नका. चोच मोडते, घास श्वासनळीत जातो, आणि थंड पोटात गेलेलं अन्न पचायच्या ऐवजी कुजतं. सात वर्षांचं, अंगाने भरलेलं कासव तीन आठवडे न खाता निभावून नेतं. रुपयाएवढं पिल्लू असतं तर मी असं म्हटलं नसतं. शिवाय हे कासव डोळ्यांनी शोधून खातं आणि घास पाण्यातच गिळतं. डोळे मिटलेले असताना कोरड्या दगडावर समोर ठेवलेली कोळंबी ते खाणार कशी? म्हणजे न खाणं हे साखळीचं शेवटचं टोक आहे आणि आपण तिथून ओढायला बघतो. माझा क्रम ठरलेला असतो: आधी ऊब, मग पाणी, शेवटी घास.

पाणी म्हणजे रोज एकदा पसरट टबात २८-२९ अंशाच्या कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं. पाणी खांद्यापर्यंत, डोकं सहज वर राहील एवढंच. बऱ्याचदा तिथेच ते पाणी पितं आणि शीही करतं. त्या शीकडे नीट बघा. त्यात वाळू किंवा खडे दिसले तर मला ते हवं असलेलं उत्तर असू शकतं. तळाला शोभेचे रंगीत खडे घातलेत का? वाटाण्याएवढे खडे कासव गिळतं आणि ते आतड्यात अडकतात.

आणखी एक शक्यता आहे जी दोन्ही डॉक्टरांच्या मनात आली नसावी. तुमचं कासव नर आहे की मादी?

कळव्याचा एक "राजू" माझ्याकडे आला होता, नऊ वर्षांचा. खाणं बंद, अस्वस्थ, रात्री टाकीच्या काचेवर पाय घासायचा. घरच्यांना वाटलं, पळून जायचंय. एक्स-रे काढला तर पोटात अंडी, एकाला एक लागून. घरातले काका फिल्म उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पण डॉक्टर, याच्यासोबत दुसरं कासव कधी नव्हतंच." कोंबडीसारखंच आहे हे, नराशिवायही मादी अंडी घालते, ती फळत नाहीत एवढंच. घालायला मात्र तिला ओली माती खणायला लागते. काचेच्या टाकीत माती कुठून? मग अंडी आत अडकतात. राजूला म्हणजे राजीला घमेलंभर ओलसर माती-वाळू दिली, कॅल्शियम दिलं, एका कोपऱ्यात चादर लावून आडोसा केला. तिने पाच दिवसांत सगळी घातली. दरवेळी इतकं सोपं नसतं, कधी इंजेक्शन लागतं, कधी शस्त्रक्रिया. ओळखायची खूण म्हणजे नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात आणि शेपटी जाड व लांब. मादी आकाराने मोठी, नखं आखूड. तुमचं कासव पंजाहून मोठं झालं असेल आणि नखं आखूड असतील, तर एक्स-रे टाळू नका. भूल द्यावी लागत नाही, कासव स्थिर बसायला आधीच तरबेज असतं. पण डॉक्टरांना सांगा की फुप्फुसं बघायची असतील तर वरून काढलेली एकच फिल्म पुरत नाही. समोरून आणि बाजूनेही लागते.

घरच्या उपायांबद्दल थोडं कडक बोलते. डोळ्यांत गुलाबपाणी नको, माणसांचे थेंब नकोत. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असतं, संसर्गात ते तेल ओतल्यासारखं. कवचाला हळद-खोबरेल चोपडू नका. आणि हे लक्षात ठेवा, डॉक्टरांकडेही बोलून दाखवा: आयव्हरमेक्टिन कासवाला कधीच द्यायचं नाही. कुत्र्या-गुरांच्या गोचिडांवर, जंतांवर ते सर्रास वापरतात, म्हणून हाताशी असतं. कासवाला त्याने लकवा होतो आणि जीव जातो.

उन्हाचं म्हणाल, तर डोळे उघडून ते हिंडू-फिरू लागलं की आठवड्यातून तीन-चार वेळा सकाळचं कोवळं ऊन पंधरा-वीस मिनिटं, काच मध्ये न येता. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवू नका, आत भट्टी होते. टबात ठेवा, अर्ध्या टबावर सावली असू द्या, आणि तिथून हलू नका. गच्चीवर घारी आणि कावळे असतात, आणि ते कासवाकडे लाडाने बघत नाहीत.

तुमच्या मुलीचं टाकीसमोर बसणं मात्र थांबवू नका. कीर्तनात ऐकलं असेल, कासवी पिलांना ना दूध पाजते ना कुशीत घेते, नुसत्या नजरेने वाढवते. खरी कासवी अंडी मातीत पुरून निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. पण नजरेचा उपयोग होतो हे मी दवाखान्यात रोज बघते. मुलीला एक वही द्या. सकाळ-दुपारचं तापमान, आज पाण्यात किती वेळ, दगडावर किती वेळ, डोळे किती उघडले, आणि आठवड्यातून एकदा स्वयंपाकाच्या काट्यावर वजन. (काट्यावर आधी प्लास्टिकची पिशवी घाला आणि तो काटा पुन्हा कणकेसाठी वापरणार असाल तर नीट धुवा.) दोन-तीन आठवड्यांत दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे ५०० ग्रॅमचं ४५० वर आलं, की मग "थांबून बघू" संपलं. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असतो, कासव ठणठणीत असलं तरी. अमेरिकेत याच कारणाने १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद आहे, मुलं ती तोंडात घालायची म्हणून. तेव्हा हात साबणाने धुणं, पापी न घेणं, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतणं एवढं पाळा. घरात तान्हं बाळ किंवा केमो चालू असलेलं माणूस असेल तर जास्तच.

अजून एक, थोडं अवघड. लाल पट्टा आहे असं तुम्ही लिहिलंत म्हणून मी स्लायडर धरून चालले. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं, किंवा गावच्या तळ्यातून आणलेलं कासव असेल तर ती आपली देशी जात. ती घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, चांदणी कासव तर पहिल्या अनुसूचीत आहे. वास्तूला लाभतं म्हणून विकणारा हे सांगत नाही. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे, तिथे कळवा. आणि उलट, स्लायडरचा कंटाळा आला म्हणून त्याला तलावपाळीला किंवा उपवनला सोडून देऊ नका. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. देशी कासवांच्या जागा आणि खाणं ते बळकावतं.

बरं होईल का, ते "नंतर सांगा" म्हणालात, तरी सांगते. कारण नुसतं थंडीचं असेल तर पाणी २७ ला स्थिर झाल्यावर आठवड्याभरात डोळे किलकिले होतात, दहा-पंधरा दिवसांत ते पहिला घास घेतं. गांडूळ हलतं म्हणून ते आधी दाखवा, मग हाडासकट छोटा मासा, मग चांगले कासवाचे पेलेट आणि शेवग्याचा पाला, लाल भोपळ्याचा कीस. आठवडाभर ऊब देऊनही काही हललं नाही तर एक्स-रे आणि जमलं तर रक्त. एवढं करूनही काही वेळा हात टेकावे लागतात. नौपाड्यातल्या एका निवृत्त काकांचं कासव तीन आठवडे माझ्याकडे होतं. ऊब, सलाइन, औषधं, सगळं झालं, गेलं. उघडून बघितलं तर मूत्रपिंडात खडूसारखे पांढरे साठे, युरिक ॲसिडचे. ते का साचले, कधीपासून, हे मला ठरवता आलं नाही. काकांनी विचारलं, "माझं काय चुकलं?" मी "माहीत नाही" म्हटलं, आणि ते खरं होतं.

थंडगार कासव मेल्यासारखं दिसतं, हेही सांगून ठेवते. पाय ताणलेले, हालचाल नाही, म्हणून पुरायला नेलेलं एक कासव उन्हात ठेवलेल्या खोक्यात हलायला लागलं होतं. तेव्हा घाईने काही ठरवू नका. आधी ऊब द्या आणि डॉक्टरांना दाखवा.

दवाखान्यात आणायची वेळ आली तर पाण्यात बुडवून आणू नका. आजारी कासव गचक्यांमध्ये गुदमरतं. झाकणाला भोकं पाडलेला डबा, तळाला ओलसर टॉवेल, बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. कॅबमध्ये एसी बंद करायला सांगा. लोक विचारतात परळला बैलघोडा हॉस्पिटलला नेऊ का. कुठेही न्या, पण सरपटणारे प्राणी बघणारे डॉक्टर त्या दिवशी आहेत का हे आधी फोनवर विचारा, नाहीतर कासवाला उगाच ऐरोली ते परळ प्रवास. सोबत टाकीतलं बाटलीभर पाणी, खाण्याची डबी, आधीच्या इंजेक्शनांची चिठ्ठी, टाकीचा आणि नखांचा फोटो, आणि ती वही.

कासवाचं नाव तुम्ही कुठेच लिहिलं नाहीत. केसपेपरवर ते लागतं. मी एकदा नुसतं "कासव" लिहिलं होतं, तर बरोबर आलेल्या पाच वर्षांच्या बाईंनी मला पेपर परत लिहायला लावला.